आपल्या जागेत नेमबाजी: अमेरिकेतले स्थानिक नियम, मातीचा बांध आणि शेजारी

अमेरिकेत गावाबाहेर पाच-दहा एकर जागा घेतली की लवकरच मनात येतं: एवढी मोकळी जागा आहे, तर मागच्या बाजूला नेमबाजीचा सराव का करू नये? शेजारी राहायला आलेल्याला नेमका उलटा प्रश्न पडतो: शनिवारी सकाळपासून पलीकडे बार उडतायत, हे कायद्यात बसतं का? दोन्ही बाजू उत्तर शोधायला थेट राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीपाशी जातात आणि तिथेच वाद पेटतो. बंदूक बाळगण्याचा हक्क त्या दुरुस्तीत आहे. पण कुठल्या जागेत, कोणाच्या घरापासून किती अंतरावर बार काढायचा, हे राज्याचा कायदा, काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची) नियमावली आणि टाउनशिपचं (गावपातळीच्या स्थानिक संस्थेचं) झोनिंग, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याची विभागणी, ठरवतं. ते गावागणिक बदलतं.

बदलत नाही अशी एकच अट आहे. तुमच्या बंदुकीतून सुटलेली प्रत्येक गोळी तुमच्याच हद्दीत थांबली पाहिजे. ही अट पुरी करता येत नसेल, तर बाकीचे नियम वाचण्यात वेळ घालवू नका. सरळ रेंजवर, म्हणजे नेमबाजीसाठी राखलेल्या जागी, जा. पुरी करता येत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आणि पलीकडे राहणाऱ्यासाठीही, कारण नेमकी कुठली तक्रार टिकते आणि कुठली टिकत नाही, हे त्यालाही कळायला हवं.

नियम कुठे सापडतात

सर्वांत आधी आपली जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. इथे पहिली फसगत होते. पत्त्यात शहराचं नाव असतं, पण ती टपालाची सोय. जागा प्रत्यक्षात शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या अखत्यारीत असू शकते. उलटही घडतं. वाढत्या शहराने आसपासचा पट्टा हद्दीत घेतला की काल चालत असलेली गोष्ट आज बंद होते. काउंटीच्या संकेतस्थळावर जमिनीच्या तुकड्यांचा नकाशा असतो. त्यात आपला तुकडा उघडला की हद्द, झोन आणि एकर दिसतात, आणि बहुतेक नकाशांत अंतर मोजायची पट्टीही असते. ती पट्टी पुढे लागणार आहे.

मग नियमावली. बहुतेक काउंट्या आणि शहरं आपले नियम म्युनिकोड किंवा ईकोड३६० अशा संकेतस्थळांवर ठेवतात. तिथे ‘गन’ शोधलं तर फारसं हाती लागत नाही. ‘डिस्चार्ज’, ‘फायरआर्म’, ‘शूटिंग रेंज’, ‘प्रोजेक्टाइल’ आणि ‘नॉइज’ असे वेगवेगळे शब्द टाकून बघा, कारण बार काढण्याचा नियम एका प्रकरणात, आवाजाचा दुसऱ्यात आणि जमिनीच्या वापराचा तिसऱ्यात असतो. छऱ्याच्या हवाई बंदुका केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत ‘फायरआर्म’ नाहीत, पण शहरांच्या नियमांत त्यांचाही समावेश अनेकदा असतो.

बहुतेक राज्यांनी शस्त्रांविषयी नियम करायचा अधिकार शहरांकडून काढून स्वतःकडे घेतला आहे. त्यामुळे ‘शहराला बंदुकीबद्दल बोलायचा अधिकारच नाही’ असं ठणकावून सांगणारे भेटतात. ते अर्धवट खरं आहे. बार काढणं आणि जमिनीचा वापर या दोन बाबतींत अनेक राज्यांनी स्थानिक संस्थांना जागा ठेवली आहे. टेक्सास या बाबतीत सैल समजलं जातं, तरी तिथलं गणितही बघण्यासारखं आहे. शहराच्या हद्दीबाहेरच्या प्रभावक्षेत्रात, आणि १ सप्टेंबर १९८१ नंतर शहरात आलेल्या भागात, रायफल किंवा पिस्तूल चालवण्यावर शहर बंदी लादू शकत नाही. पण त्यासाठी जागा किमान ५० एकर हवी, दुसऱ्याच्या जागेतलं घर ३०० फुटांपेक्षा लांब हवं आणि गोळी हद्द ओलांडणार नाही अशी स्थिती हवी. शॉटगन, हवाई बंदूक आणि धनुष्यासाठी तेच आकडे १० एकर आणि १५० फूट. काउंटीलासुद्धा प्लॉट पाडलेल्या वसाहतीत १० एकर किंवा त्याहून लहान जागेवर बार काढण्यावर नियम करता येतो. म्हणजे ‘टेक्सासमध्ये सगळं चालतं’ म्हणणाऱ्याकडे दोन एकर जागा असेल, तर त्याने नियमावली उघडलेली बरी.

फ्लोरिडाने वेगळा मार्ग धरला. भाग मुख्यतः वस्तीचा असेल आणि एकरी एक किंवा जास्त घरं असतील, तर मोकळ्यावर हौसेखातर बार काढणं हा गुन्हा आहे, आणि त्यात नेमबाजीचा सराव स्पष्ट शब्दांत धरलेला आहे. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू यॉर्कमध्ये अंतराचा नियम आहे: वापरात असलेल्या इमारतीपासून ५०० फुटांच्या आत, तिथल्या मालकाच्या किंवा राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बार काढायचा नाही.

५०० फूट ऐकायला थोडे वाटतात. जमिनीवर मांडून बघा. एक एकर म्हणजे आपले ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दहा एकरांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची बाजू बरोबर ६६० फूट भरते. आता दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची घरं आपल्या कुंपणापासून १०० फुटांवर आहेत असं धरा. डावीकडच्या घरापासून ५०० फूट राखायचे तर डाव्या कुंपणापासून ४०० फूट आत उभं राहावं लागेल, उजवीकडच्यासाठी उजव्या कुंपणापासून ४०० फूट. दोन्ही मिळून ८०० फूट, आणि जागा ६६० फूट रुंद. चारशे गुंठ्यांच्या जागेत त्या दोन घरांच्या रेषेत एकही उभं राहण्याजोगा ठिपका सापडत नाही; त्या रेषेपासून बरंच पुढे-मागे सरकलं तरच जागा मिळते. पाच एकरांची बाजू तर जेमतेम ४६७ फूट. जागा विकत घेताना ‘दहा एकर आहेत, काहीही करा’ असं सांगितलं जातं, तेव्हा हा हिशेब कागदावर करून बघावा.

झोनिंग ही त्याहून वेगळी चाळणी. स्वतः अधूनमधून केलेला सराव आणि ‘शूटिंग रेंज’ यांत नियमावली फरक करते. लोकांकडून पैसे घेतले, वर्ग चालवले, दर आठवड्याला गट जमवला की तो जमिनीचा व्यावसायिक वापर ठरू शकतो आणि त्याला विशेष परवाना लागतो. काही ठिकाणी घरच्या सरावालाही ‘रेंज’ धरतात. पेन्सिल्व्हेनियातल्या स्ट्राउड टाउनशिपने रेंज फक्त ठरावीक झोनमध्येच चालतील असा नियम केला. आपल्या जागेत वैयक्तिक सराव करू पाहणाऱ्या एका रहिवाशाने त्याला आव्हान दिलं. मधल्या न्यायालयाने त्याची बाजू घेतली, पण २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टाउनशिपचा नियम घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. दुसरी दुरुस्ती पुढे केली की झोनिंग आपोआप गळून पडतं, हा समज त्या राज्यात तरी आता धरून चालणार नाही.

एवढं वाचून झालं की झोनिंग कार्यालयाला ईमेल करा, फोन नको. जागेचा पार्सल क्रमांक (नकाशातल्या तुकड्याचा क्रमांक), बंदुकीचा प्रकार, बार काढायची दिशा आणि जवळच्या घरांची अंतरं लिहून विचारा. लेखी उत्तर पुढे पाच वर्षांनी तक्रार आली तरी कामी येतं. वसाहतीला एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर तिचे करारपत्रकातले नियम वेगळे वाचा. काउंटीने मुभा दिली तरी ते लागू राहतात. घराच्या विम्याची पॉलिसीही काढून बघा. व्यावसायिक वापर आणि प्रदूषण या दोन्हींना पॉलिसीत अनेकदा वगळलेलं असतं.

बंदूक हातात कोण धरू शकतं

आपल्या वाचकांसाठी हा मुद्दा जमिनीच्या नियमांआधीचा आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. इथे ‘बाळगणं’ म्हणजे मालकीच असं नाही; मित्राच्या शेतावर त्याची रायफल हातात घेऊन दोन बार काढणंही त्यात येऊ शकतं. अपवाद मोजके आहेत. व्यवहारात उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे कुठल्याही अमेरिकन राज्याचा वैध शिकार परवाना. तो मिळवायला बहुतेक ठिकाणी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्याची मुदत संपली की सूटही संपते. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी नाही. मात्र बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. म्हणून ‘शेजाऱ्याने तक्रार केली तर दंड भरू’ हा विचार ग्रीनकार्डवाल्याने मुळीच करू नये. राज्यांचे परवाने निराळे. इलिनॉयमध्ये ओळखपत्र लागतं, मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना.

गोळी कुठे थांबते

.२२ ची, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाची, गोळी लहान दिसते म्हणून लोक तिला खेळणं समजतात. वर झालेल्या नळीतून सुटली तर ती सुमारे दीड मैल जाते. ९ मिमी पिस्तुलाची गोळीही मैलाच्या पुढे जाते, आणि .३०-०६ सारख्या शिकारी रायफलची तीन मैलांच्या पुढे. दहा एकरांच्या जागेत हा टप्पा मावणारच नाही. तो अडवावाच लागतो. शॉटगनच्या छऱ्यांचा हिशेब वेगळा आहे आणि सोपा आहे: छऱ्याचा व्यास इंचात घेऊन त्याला २,२०० ने गुणलं की कमाल टप्पा यार्डात मिळतो. साडेसात नंबरचा छरा ०.०९५ इंचाचा, म्हणजे साधारण २०९ यार्ड. हरणासाठी वापरायचा डबल-ओ छरा ०.३३ इंचाचा, त्याचा टप्पा ७२६ यार्ड. म्हणून मातीच्या तबकड्या उडवायला जागेपेक्षा दिशा महत्त्वाची: पुढे सव्वादोनशे यार्ड, म्हणजे पावणेसातशे फूट, आपलीच मोकळी जमीन हवी.

रायफल-पिस्तुलासाठी मागे मातीचा बांध लागतो. झाडांची रांग म्हणजे बांध नव्हे. गोल खोडाला कडेने लागलेली गोळी वाट बदलून पुढे जाते. लाकडी कुंपण, पत्र्याची शेड, तळ्याचं पाणी, दगडी उतार, गोठलेली जमीन, यांतलं काहीही चालत नाही. पाण्यावर आणि कठीण जमिनीवर गोळी टप्पा खाऊन उसळते, तशी चपटा दगड तळ्यात भिरकावला की तो उसळ्या मारत जातो. उसळलेली गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

बांध किती उंच हवा, हे नेमबाजाच्या हाताच्या चुकीवरून ठरतं. उभ्या माणसाच्या हातातली नळी जमिनीपासून साधारण ५ फुटांवर असते. समजा बांध ८ फूट उंच आणि २५ यार्डांवर, म्हणजे ७५ फुटांवर आहे. नळीच्या पातळीच्या वर फक्त ३ फूट माती उरते. नळी सव्वादोन अंशांनी वर गेली की गोळी बांधावरून पार. सव्वादोन अंश म्हणजे काय? नवख्या माणसाने चाप ओढताना मनगट दाबलं, किंवा पिस्तुलाचा झटका सावरायच्या आत दुसरा बार सुटला, की एवढा कोन सहज होतो. तोच ८ फुटांचा बांध १० यार्डांवर आणला तर पावणेसहा अंशांपर्यंतची चूक पोटात घेतो. ७५ फुटांवरच ठेवायचा तर उंची १५ फूट केल्यावर साडेसात अंश मिळतात. म्हणून लहान जागेत दोनच वाटा आहेत: नेमबाज बांधाजवळ आणा किंवा बांध वाढवा. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, रेंजसाठीच्या पुस्तिकेत सर्वसाधारण बांधाची उंची १५ ते २० फूट दिली आहे, ती उगाच नाही. बसून, टेबलावर रायफल टेकवून बार काढला तर नळी खालीही असते आणि स्थिरही, त्यामुळे तोच बांध जास्त कामाचा ठरतो.

माती किती लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ८ फूट उंच, माथ्यावर ४ फूट रुंद आणि दोन्ही बाजूंना दर फुटामागे दीड फूट पसरणारा उतार घेतला तर तळाची रुंदी २८ फूट होते. २० फूट लांबीसाठी साधारण ९५ घनयार्ड माती, म्हणजे १२ घनयार्डांचे आठ डंपर, शिवाय टोकांचे उतार वेगळे. उंची १२ फूट केली की माती दुपटीवर जाते, जवळजवळ १९५ घनयार्ड. एवढी माती हलवायला अनेक काउंट्यांत ग्रेडिंगचा, म्हणजे जमिनीची खोदाई-भराई करण्याचा, परवाना लागतो. तो न घेता काम केलं आणि पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात वळलं, तर एकही बार काढायच्या आधीच तक्रार दाखल होते.

नेमबाजाकडची बाजू जमेल तेवढी खडी ठेवा. उतार सपाट असेल तर गोळी त्यावर सरपटत वर चढते आणि माथ्यावरून निघून जाते. सर्वांत जास्त बिघाड इथे होतो. पाऊस दरवर्षी माती खाली ओढतो आणि खडा उतार आपोआप सपाट होतो, म्हणून वर्षातून एकदा फावडं लावायलाच हवं. पुढचा दोन फुटांचा थर चाळलेल्या मातीचा, दगडविरहित असावा. लक्ष्य बांधाच्या तळाशी, मातीला जवळजवळ चिकटून लावा. वीस फूट पुढे लावलं तर त्याखालून गेलेली गोळी आधी जमिनीवर आपटते आणि मग उसळून बांधाकडे, किंवा बांधावरून, जाते. एकाच ठिकाणी शेकडो गोळ्या गेल्या की तिथे खळगा पडतो आणि नवी गोळी जुन्या शिशावर आपटू लागते. दर महिन्याला लक्ष्याची जागा दोन-तीन फूट सरकवली तर हे लांबतं.

पोलादी लक्ष्यांबद्दल थोडंच. एआर५०० सारखं कडक पोलाद घ्या, साधी लोखंडी पाटी नको. तिला खड्डे पडतात आणि खड्डा तुकडे उलटे फेकतो. पाटी वरून थोडी पुढे झुकलेली टांगा, म्हणजे तुकडे जमिनीकडे जातील. पिस्तुलासाठी किमान १० यार्ड, रायफलसाठी १०० यार्ड अंतर ठेवा. डोळ्यांना चष्मा, बघणाऱ्यांच्यासुद्धा.

हवेत बार काढणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. १९९९ मध्ये फिनिक्समध्ये घराच्या अंगणात असलेली १४ वर्षांची मुलगी भटक्या गोळीने गेली. त्यानंतर २००० मध्ये ॲरिझोनाने तिच्याच नावाने ओळखला जाणारा शॅननचा कायदा केला आणि शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे बार काढणं गंभीर गुन्ह्यात धरलं.

आवाज

शेजाऱ्याच्या तक्रारींत सर्वांत जास्त तक्रार आवाजाची असते, आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिथेच. मोठ्या रायफलचा बार नेमबाजाजवळ १६० डेसिबलच्या आसपास असतो, .२२ रायफलचा १४० च्या आसपास. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात. ५० फुटांवरून ५०० फुटांवर गेलं, तरी कमी होतात फक्त २०. शिवाय आवाज सगळीकडे सारखा जात नाही: नळीच्या समोरच्या दिशेला तो मागच्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. म्हणजे बांधाची दिशा ठरवताना शेजाऱ्याचं घर नेमबाजाच्या पाठीमागे आणलं, तर गोळी आणि आवाज दोन्हींची चिंता एकाच निर्णयात हलकी होते.

सकाळी लवकर आणि सूर्य मावळताना जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा थंड असते. तेव्हा आवाज खाली वाकतो आणि दुपारी ऐकू न येणारा बार अर्ध्या मैलावर खणखणीत पोचतो. ‘आम्ही तर रोज एवढाच आवाज करतो’ आणि ‘आज कानठळ्या बसल्या’ ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी खरी असू शकतात. दुपारी अकरा ते तीन हा काळ त्यामुळेच बरा. झाडांच्या एका रांगेने आवाज जवळजवळ कमी होत नाही. किमान शंभर फूट दाट रान असेल तर थोडाफार फरक पडतो. नेमबाजाभोवती तीन बाजूंनी भिंती आणि छत असलेली छोटी शेड, आतून खनिज लोकरीचं अस्तर लावलेली, याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. मात्र नळीचं टोक शेडच्या आत राहिलं पाहिजे; बाहेर डोकावलं की सगळा खर्च वाया.

सायलेन्सरने आवाज २० ते ३० डेसिबल उतरतो. ४२ राज्यांत तो बाळगता येतो. १९३४ पासून असलेला २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, पण एटीएफकडचा (शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडचा) अर्ज, बोटांचे ठसे आणि मंजुरी अजून लागतेच. सायलेन्सर लावूनही चाबकाच्या फटकाऱ्यासारखा आवाज येतो, तो नळीचा नसतो. ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण १,१२५ फुटांपेक्षा, जोरात जाणारी गोळी तो वाटेत उठवत जाते. तो नको असेल तर त्याहून हळू जाणारी सबसॉनिक काडतुसं घ्यावी लागतात.

शेजाऱ्याने मोबाइलमधल्या ॲपवर ‘७८ डेसिबल’ मोजून दाखवले तर त्यावर कोणीच जास्त भिस्त ठेवू नये. बार काही मिलिसेकंदांत संपतो आणि साधा मीटर आवाजाची सरासरी काढतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. न्यायालयात आवाजाचा उपद्रव ठरतो तो आकड्यावर कमी आणि वेळ, कालावधी, वारंवारिता आणि परिसराचा स्वभाव यांवर जास्त. महिन्यातून दोनदा तासभर आणि दर रविवारी सहा तास, यांत फार अंतर आहे. जवळजवळ सर्व राज्यांत रेंजना आवाजाच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे आहेत, पण ते नियम पाळून चाललेल्या रेंजसाठी. घरामागच्या बांधाला ते मिळेल असं गृहीत धरू नका.

शिसं आणि आग

९ मिमीची नेहमीची गोळी ११५ ग्रेन, म्हणजे साडेसात ग्रॅमच्या जवळ. आठवड्याला १०० गोळ्या झाडल्या तर वर्षाला ३८ किलोच्या वर धातू एकाच बांधात जातो, आणि त्यातलं बहुतेक शिसं. आम्लधर्मी मातीत ते विरघळतं. ईपीएची पुस्तिका मातीचा पीएच ६.५ ते ८.५ ठेवायला सांगते. त्याखाली गेला तर चुना पसरायचा. बांध ओढ्यापासून आणि घरच्या विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा, आणि विहिरीचं पाणी वर्षातून एकदा तपासावं. छऱ्यांचं जास्त अवघड आहे. ते बांधात अडत नाहीत, कुरणात विखुरतात, आणि पक्षी खडे समजून ते गिळतात. शेजाऱ्याच्या कुरणात आपले छरे पडले, तर दुखापत झाली नसली तरी ते त्याच्या जमिनीत घुसणंच आहे.

वाळलेल्या गवतात पोलादी गाभ्याच्या आणि भरीव तांब्याच्या गोळ्या टाळा. अमेरिकन वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की कठीण पृष्ठभागावर आपटलेल्या अशा गोळ्यांचे तापलेले तुकडे सुकं सेंद्रिय द्रव्य पेटवू शकतात. स्फोट होणारी लक्ष्यं तर कोरड्या दिवसांत नकोतच. एप्रिल २०१७ मध्ये ॲरिझोनात बाळाचं लिंग जाहीर करायच्या एका कार्यक्रमात अशाच एका लक्ष्यावर गोळी झाडली गेली आणि पेटलेल्या सॉमिल वणव्यात सुमारे ४७,००० एकर जळाले.

शेजाऱ्याशी बोलणं, आणि शेजाऱ्याने काय करावं

पहिला बार निघायच्या आधी भेटायला जा. बांध दाखवायला बोलवा. कितीतरी जणांची भीती आवाजाची नसून ‘गोळी इकडे आली तर’ याची असते, आणि बारा फुटांचं मातीचं टेकाड डोळ्यांनी बघितलं की ती उतरते. घरात तान्हं बाळ आहे का, घोडे आहेत का, रात्रपाळी करणारं कोणी आहे का, युद्धावरून परतलेला सैनिक आहे का, हे विचारा. मग ठरावीक वेळ द्या: ‘महिन्यातले दोन शनिवार, अकरा ते एक, आदल्या दिवशी निरोप पाठवीन.’ अचानक सुरू होणारा बार आणि ठाऊक असलेला बार यांचा त्रास सारखा नसतो. ठाऊक असला तर कुत्रं घरात घेता येतं. आणि एकदा एकच्या ठोक्याला थांबायचं ठरलं की थांबा, पेटीत दहा काडतुसं उरली असली तरी.

तक्रार करणाऱ्याने पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. नुसता आवाज असेल तर शेरिफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) बिगर-तातडीच्या क्रमांकावर फोन करावा आणि झोनिंग कार्यालयाला लिहावं. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, बारांचा अंदाजे आकडा अशी नोंद महिनाभर ठेवली तर तिला वजन येतं. ‘सारखा त्रास देतात’ एवढ्यावर कोणी हलत नाही. शेरिफचा माणूस, म्हणजे डेप्युटी, आला तर तो बहुधा अंतर मोजतो आणि बांध बघतो. दोन्ही नियमात असतील तर तिथल्या तिथे बंद करायचा अधिकार त्याला नसतो. अशा वेळी काउंटीत सामुदायिक मध्यस्थी केंद्र असेल तर तिकडे जाणं वकिलापेक्षा लवकर फळतं.

गोळी हद्द ओलांडून आली असेल, तर गोष्टच वेगळी. सगळे घरात, बार चालू असलेल्या दिशेपासून दूर, आणि लगेच ९११ या तातडीच्या क्रमांकावर फोन. पलीकडे जाऊन भांडू नका, तिथे अजून भरलेली बंदूक आहे. भोकाला हात लावू नका. गोळी भिंतीत दिसत असली तरी चाकूने उकरून काढू नका, कारण तिच्यावरच्या नळीच्या खुणा त्यात जातात. भोकाशेजारी मोजपट्टी धरून जवळून एक, आणि संपूर्ण भिंत दिसेल असा लांबून एक, असे फोटो घ्या. बाहेरची पत्र्याची भिंत आणि आतली भिंत, अशी दोन भोकं सापडली तर तपास करणारे त्यांतून सरळ दांडा ओवतात, आणि तो दांडा कुठल्या बांधाकडे बोट दाखवतो ते दिसतं. त्यांचं काम होऊन अहवालाचा क्रमांक हातात पडेपर्यंत भोक बुजवू नका.